‘चीनने डायबेटिस कायमचा बरा केला’: मेडिकलच्या काउंटरवरून एका फॉरवर्डला उत्तर

मे २०२४मध्ये शांघायहून एक बातमी आली. तेव्हापासून तिच्यावर बेतलेला एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि थांबायचं नाव घेत नाही. मध्येच गायब होतो, मग नवा फोटो लावून परत हजर. मजकुराचा गाभा असा: चीनच्या शास्त्रज्ञांनी मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवल्या, एका इंजेक्शनमध्ये पंचवीस वर्षांचा डायबेटिस कायमचा गेला, टाइप १ असो वा टाइप २, सगळ्यांना चालतो, औषध कंपन्या बातमी दाबत आहेत, भारतातही हा उपचार सुरू झाला आहे, तेव्हा आता सुया टोचून घेणं सोडा. खाली जोडलेले हात आणि पुढे पाठवण्याची विनंती.

माझं मेडिकल आहे. इन्सुलिन नेणारी गिऱ्हाइकं रोजची. त्यामुळे हा मजकूर मला स्वतःच्या फोनवर कमी आणि काउंटरवर जास्त भेटतो. लोक मोबाइल पुढे करतात, ‘हे खरं का हो?’ ‘थाप आहे’ म्हणून मोकळं होता आलं असतं तर सोपं होतं. पण यातलं संशोधन खरं आहे, आणि अव्वल दर्जाचं आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यातली एकच गोष्ट गाळली आहे आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

‘चीनने डायबेटिस बरा केला’

ज्या माणसावरून हे वाक्य निघालं तो ५९ वर्षांचा गृहस्थ. टाइप २ डायबेटिस २५ वर्षांचा, दिवसातून अनेकदा इन्सुलिन. शांघायच्या चांगझेंग रुग्णालयात जुलै २०२१मध्ये त्याला प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी दिल्या गेल्या. त्याच्याच रक्तातल्या पेशी घेतल्या, त्यांना मागे नेऊन मूलपेशींसारखं, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात असं, केलं आणि तिथून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या वाटेला लावलं. अकरा आठवड्यांत बाहेरचं इन्सुलिन बंद झालं, पुढे सावकाश गोळ्याही सुटल्या. ३० एप्रिल २०२४ला ‘सेल डिस्कव्हरी’ या नियतकालिकात अहवाल आला, त्यात दोन वर्षांहून जास्त काळाची नोंद आहे.

इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. आता त्यात नसलेलं वाक्य: या माणसाची किडनी २०१७मध्ये बदललेली होती.

दुसरं उदाहरण हल्लीच्या फॉरवर्डमध्ये असतं ते तियानजिनच्या २५ वर्षांच्या मुलीचं. टाइप १ डायबेटिस. पेकिंग विद्यापीठाचे देंग होंगकुई आणि सहकाऱ्यांनी तिच्याच शरीरातल्या पेशींवर रसायनांची प्रक्रिया करून त्या मूलपेशी केल्या, त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके घडवले आणि जून २०२३मध्ये ते तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाही. पंचाहत्तराव्या दिवसापासून तिचं इन्सुलिन थांबलं आणि वर्ष झालं तरी थांबलेलंच होतं. सप्टेंबर २०२४मध्ये ‘सेल’मध्ये हे छापून आलं. या मुलीचं यकृत त्याआधी दोनदा बदललेलं होतं.

किडनी बदललेली, यकृत बदललेलं. म्हणजे दोघंही आधीपासूनच रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होते. या पेशींसाठी नव्हे, बदललेला अवयव टिकावा म्हणून. नव्या पेशींना त्यांच्या शरीरात आयतंच संरक्षण मिळालं.

हे का महत्त्वाचं? टाइप १ मध्ये स्वादुपिंड झिजत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शत्रू समजून मारते. नवीन बीटा पेशी तुमच्याच पेशींपासून केल्या तरी त्यांचा चेहरा त्या जुन्या पेशींसारखाच, म्हणजे हल्ला पुन्हा ठरलेला. आणि पेशी दुसऱ्या कुणाच्या असतील तर शरीर त्यांना परकं म्हणून नाकारणार, ते वेगळंच. टाइप २ मध्ये स्वतःच्या पेशी औषधांविना टिकतील असं तर्काने म्हणता येतं, पण शांघायच्या गृहस्थावरून ते सिद्ध होत नाही. तो औषधं घेतच होता.

ही औषधं म्हणजे काय प्रकरण आहे ते काउंटरच्या या बाजूने दिसतं. टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, मोबाइलवर अलार्म लावून. ठरावीक काळाने रक्तातली तिची पातळी तपासायची. कमी झाली तर अवयव धोक्यात, जास्त झाली तर किडनीवर परिणाम. हात थरथरतात. साधा ताप आला तरी फॅमिली डॉक्टरांऐवजी आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन. किडनी बदललेल्या एका बाईंचा मुलगा दर महिन्याला येतो. माल आला नसेल, दोन स्ट्रिप कमी पडल्या, की त्याचा चेहरा बघवत नाही. आणि गंमत म्हणावी की काय, हीच गोळी बीटा पेशींनाही त्रास देते. अवयव बदलल्यानंतर काही जणांना आयुष्यात पहिल्यांदा डायबेटिस होतो, त्यात टॅक्रोलिमसचा हात असतो.

ज्याला ही औषधं आधीच घ्यावी लागतात, त्याचं नव्या पेशींमुळे इन्सुलिन सुटत असेल तर तो निव्वळ फायदा. पण इन्सुलिनवर नीट चाललेल्या, कॉलेजला जाणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोराला सुई सोडवण्यासाठी या गोळ्यांवर आणणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

‘एकाच इंजेक्शनमध्ये’

शेवटची पायरी तेवढी इंजेक्शनसारखी दिसते. मूलपेशींपासून बीटा पेशी घडवायला चार-पाच आठवडे लागतात. टप्प्याटप्प्याने वेगवेगळी द्रव्यं द्यायची, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर न्यायचं. गर्भात स्वादुपिंड जसं घडतं त्याची ती नक्कल असते. रुग्णाच्याच पेशींपासून सुरुवात केली तर त्याआधीचे महिने वेगळे, आणि प्रत्येक रुग्णासाठी सगळं पहिल्यापासून. एकही पेशी अर्धवट घडलेली राहून पुढे गाठ होऊ नये म्हणून तपासण्या. त्यानंतर बहुतेक प्रयोगांत यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत नळी घालून त्या सोडतात. हे दवाखान्याच्या ओपीडीत होणारं काम नाही.

‘कायमचा’

या शब्दाला माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे, कारण या शब्दाने पूर्वी एकदा फसवलं आहे.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००० साली जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणारे पुंजके वेगळे काढून टाइप १च्या सात जणांना दिले. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. जगभर मथळे झाले. पाच वर्षांनी त्याच केंद्राने मोठ्या गटाचा हिशोब मांडला, तेव्हा इन्सुलिनशिवाय राहिलेले साधारण दहा टक्के उरले होते. बऱ्याच जणांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन तयार होत राहिलं, शुगर एकदम लो होण्याचे झटके कमी झाले, आणि तो फायदाही लहान नव्हता. पण सुई परत आली.

मृत दात्यांवर अवलंबून राहायचं तर पेशी पुरणार कशा, हा प्रश्न होताच. मूलपेशींनी तो सोडवला. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी, मुलाला १९९१मध्ये टाइप १ झाल्यावर बेडकांच्या भ्रूणांवरचं काम सोडून हा ध्यास घेतला. पुढे मुलीलाही तोच आजार झाला. २०१४मध्ये त्यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या प्रमाणावर बनवून दाखवल्या. बोस्टनच्या व्हर्टेक्स कंपनीचं आजचं ‘झिमिस्लेसेल’ हे पेशींचं औषध त्याच कामाचं पुढचं रूप.

जून २०२५मध्ये त्याचे निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. पूर्ण मात्रा मिळालेले १२ जण. बाराही जणांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, सातच्या खाली. नव्वदाव्या दिवसानंतर एकालाही शुगर धोकादायक लो झाली नाही. वर्षाअखेर १२ पैकी १० जण इन्सुलिनशिवाय. हा आकडा वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो, कबूल करतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी चीनपेक्षा याची जाहिरात केली असती तर त्यांच्या बाजूने जास्त दम होता.

पण इथेही अटी बघा. चाचणीत घेतलेले लोक साधे टाइप १चे रुग्ण नव्हते. शुगर लो होत असल्याचं ज्यांना कळतच नाही, घाम फुटत नाही, थरथर होत नाही, थेट शुद्ध हरपते, आणि असे गंभीर झटके ज्यांना आधीच्या वर्षात येऊन गेले होते, असे ते लोक. त्यांच्यासाठी रात्रीची झोप हाच धोका. त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली. चाचणीत दोन मृत्यू झाले: एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या क्रिप्टोकोकस बुरशीच्या संसर्गाने, दुसरा आधीपासून असलेला मेंदूचा आजार बळावल्याने. पहिला मृत्यू लक्षात ठेवा, कारण प्रतिकारशक्ती दाबली की अशा बुरशीला रान मोकळं मिळतं.

आणि वर्ष म्हणजे कायमचं नव्हे. एडमंटनचे आकडेही पहिल्या वर्षी असेच सुंदर होते.

औषधांशिवाय पेशी टिकवायच्या तर दोन वाटा आहेत. एक, पेशी जाळीदार कप्प्यात ठेवायच्या: आत ग्लुकोज जाईल, बाहेर इन्सुलिन येईल, पण मारेकरी पेशी आत शिरणार नाहीत. व्हर्टेक्सने हेही करून पाहिलं. पेशींकडून पुरेसं इन्सुलिन मिळेना म्हणून मार्च २०२५मध्ये ते थांबवलं. दुसरी वाट पेशींच्या जनुकांतच बदल करून त्यांना अदृश्य करण्याची. स्वीडनमध्ये उप्सालाच्या रुग्णालयात ४२ वर्षांच्या एका पुरुषाच्या हाताच्या स्नायूत अशा बदललेल्या पेशी टोचल्या. एकही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं नाही. बारा आठवड्यांनी त्या जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. ऑगस्ट २०२५मध्ये हे प्रसिद्ध झालं. मात्र त्या पेशी मूलपेशींपासून केलेल्या नव्हत्या, मृत दात्याच्या होत्या. मात्राही मुद्दाम लहान होती, त्यामुळे त्या माणसाचं इन्सुलिन चालूच आहे. तरी मला विचाराल तर चीनच्या दोन्ही बातम्यांपेक्षा या एका माणसाच्या हाताकडे लक्ष ठेवावं. फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख नाही, कारण ‘इन्सुलिन चालू आहे’ या वाक्यावर कोण जोडलेले हात लावणार?

‘टाइप १ असो वा टाइप २, सगळ्यांना चालतं’

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे, आणि त्यातले बहुतेक सगळे टाइप २चे. त्यांचा मूळ प्रश्न वेगळा. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या शरीरात इन्सुलिन भरपूर असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. बीटा पेशी जास्त जास्त राबतात आणि मग थकतात. त्या शरीरात नव्या पेशी टाकल्या तर त्यांनाही तेच राबणं नशिबी.

टाइप २च्या लोकांचं औषध खरोखर सुटल्याचा भक्कम पुरावा दुसरीकडे आहे आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. ब्रिटनमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, २०१७च्या निकालानुसार, अगदी कमी उष्मांकांच्या आहाराने वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा डायबेटिस वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. ते लोक डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतले होते आणि इन्सुलिनवर नव्हते, हेही सांगायला हवं. आमच्याकडे पंधरा वर्षं मिक्सटार्ड इन्सुलिनवर असलेल्या काकांना ते तसंच्या तसं लागू नाही.

‘औषध कंपन्या दाबत आहेत’

यावर फार शाई घालवत नाही. आत्तापर्यंतची सगळ्यात महत्त्वाची चाचणी औषध कंपनीच करते आहे. मेल्टन यांनी काढलेली कंपनी व्हर्टेक्सने २०१९मध्ये ९५ कोटी डॉलरला विकत घेतली. इन्सुलिन विकणाऱ्या लिलीने २०२३मध्ये अशाच पेशींवर काम करणारी दुसरी कंपनी घेतली. दाबायच्या गोष्टीवर कुणी इतके पैसे लावत नाही. उलट उद्या या उपचाराचं बिल किती येईल याची धास्ती घ्यावी.

‘भारतातही सुरू झालं आहे’

ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप केला ते हे वाक्य. कारण बाकीच्या वाक्यांनी गैरसमज होतो, याने माणूस लुबाडला जातो.

आपल्याकडे ‘स्टेम सेल थेरपी’ नावाखाली डायबेटिसवर जे विकलं जातं त्याचा वरच्या एकाही प्रयोगाशी संबंध नाही. तिथे सहसा पोटाच्या चरबीतून, हाडाच्या मगजातून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी शिरेतून सोडतात. त्या पेशींना चार-पाच आठवड्यांच्या टप्प्यांतून नेलेलं नसतं. शरीरात गेल्यावर त्या आपल्या आपण बीटा पेशी होत नाहीत. नाव मूलपेशींचंच, त्यामुळे गिऱ्हाईक शांघायची बातमी वाचून इथे पैसे भरतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मुलीसाठी शेताचा तुकडा विकून असा कोर्स केला. मुलीचं इन्सुलिन एका युनिटनेही कमी झालं नाही. पावतीवर ‘कन्सल्टेशन’ लिहिलेलं होतं.

आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत अगदी रोखठोक आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं, तर रुग्णावर मूलपेशींचा वापर फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. बाहेर तो केला तर ते वैद्यकीय गैरवर्तन. आणि डायबेटिस बरा करण्याची जाहिरात १९५४च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने मुळातच बंद आहे. त्या कायद्याच्या यादीत या आजाराचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. त्यामुळे पोस्टर दिसलं तर पोस्टरच बेकायदा.

‘आमची चाचणी चालू आहे’ असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट उघडता येते, आणि २००९पासून चाचणी तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. क्रमांक मिळाला तर चाचणी कशाची आहे ते वाचा. मग विचारा, पैसे कुणी भरायचे? ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याच्याकडूनच लाखांची फी घेतली जात असेल तर उठून घरी या.

बाळाच्या नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकांच्या माहितीपत्रकांतही डायबेटिसचं नाव हळूच येतं. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी रक्त घडवणाऱ्या असतात. टाइप १ झालेल्या मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त देऊन फ्लोरिडात पाहिलं होतं. बीटा पेशी वाचल्या नाहीत.

‘सुया टोचून घेणं सोडा’

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ दुसरीतल्या मुलाचं इन्सुलिन न्यायला आले. नेहमी तीन महिन्यांची कार्ट्रिज नेतात, यावेळी म्हणाले, ‘एकच द्या, आता ते चीनचं येतंय म्हणे, उगाच फ्रीजमध्ये पडून राहील.’ चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बोलायला जड गेलं. मी पेटी पूर्ण भरली आणि म्हटलं, ‘आलं तर उरलेली परत घेतो. माझ्याकडून लेखी घ्या.’ त्यांनी हसून पिशवी उचलली. परतीचा नियम कंपनीकडे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

टाइप १च्या मुलाला इन्सुलिन ही पर्यायी गोष्ट नाही. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून काही महिने जगवली जात, एवढंच. आज बंद केलं तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साठायला लागतं. खूप तहान, सारखी लघवी, मग उलट्या, पोटात दुखणं, श्वास खोल आणि जलद, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. पुष्कळदा घरचे याला पित्त किंवा बाहेरचं खाल्ल्याचा त्रास समजतात आणि माझ्याकडे ओमेझ मागायला येतात. मूल टाइप १चं असेल आणि उलट्या होत असतील तर मी गोळी देत नाही. शुगर तपासायला सांगतो, घरी असतील तर हे आम्ल दाखवणाऱ्या कीटोनच्या पट्ट्याही, आणि सलाइन, इन्सुलिन आणि रक्ततपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी पाठवतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी.